इनबॉक्स रिकामा, तरी डिस्क भरलेली

प्रश्न : मी कर सल्लागार. कॉम्प्युटरवर मेलसाठी थंडरबर्ड हा प्रोग्रॅम वापरतो, खातं पॉपवर आहे, म्हणजे मेल सर्व्हरवरून कॉम्प्युटरवर उतरतात. जुन्या तीनेक हजार मेल उडवल्या, ट्रॅशही रिकामा केला. तरी इनबॉक्सची फाइल ६ जीबीच! शिवाय एका मेलवर क्लिक केलं की दुसरीचाच मजकूर उघडतो.
— एक वाचक, सांगली

उत्तर : मेल गेल्याच नाहीत, नुसत्या दिसेनाशा झाल्यात. थंडरबर्ड एरवी एका फोल्डरच्या सगळ्या मेल एकाच फाइलीत एकाखाली एक लिहितं, तुमच्या किर्दवहीसारख्या. डिलीट केलं की नोंदीवर काट बसते. पान फाटत नाही. ते काम 'कॉम्पॅक्ट'चं.

पण लगेच क्लिक करू नका. पॉपच्या खात्यात सर्व्हरवर प्रत उरलेली असेलच असं नाही. थंडरबर्ड बंद करून अख्खं प्रोफाइल फोल्डर (यातच थंडरबर्ड तुमच्या मेल आणि सेटिंग्ज ठेवतं) बाहेरच्या ड्राइव्हवर उतरवा. (पेनड्राइव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीहून मोठी फाइल घेणार नाही. मी हे अर्धा तास वाट बघून शिकलो.)

भलता मजकूर उघडतो, कारण शेजारची एमएसएफ फाइल, म्हणजे अनुक्रमणिका, बिघडली आहे. इनबॉक्सवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, रिपेअर फोल्डर. तुमच्या फाइलीच्या आकाराला चहा होईल एवढा वेळ लागेल. मेल जागच्या जागी उघडायला लागल्या की मगच कॉम्पॅक्ट करा, आणि डिस्कवर सात-आठ जीबी मोकळी ठेवा. कॉम्पॅक्ट करताना नवी फाइल लिहिली जाते, जुनी नंतर जाते.