अण्णांच्या बैठकीतला फोटो

लेस्टर, रविवार

प्रिय मनू,

तुझा व्हॉइस मेसेज फोडणी टाकता टाकता ऐकला, मग गॅस बंद करून पुन्हा ऐकला. सेमिनारमध्ये प्रत्येकाने घरातल्या एका वडीलधाऱ्या माणसाला राजकीय विचारांच्या पट्टीवर डावीकडे की उजवीकडे बसवायचं, आणि का ते सांगायचं. तू आजोबांना निवडलंस. वाचता वाचता तुला कळलं, की टिळकांनी संमतिवयाच्या कायद्याला विरोध केला होता. तुझा प्रश्न तुझ्याच शब्दांत लिहून ठेवलाय: "आई, असल्या माणसाचा फोटो आजोबांच्या बैठकीत कसा काय? म्हणजे आजोबा पण कॉन्झर्व्हेटिव्हच ना?"

याचं उत्तर टाइप करत बसले तर अंगठे दुखतील, म्हणून पत्र.

आधी त्या शब्दाचं बघू. इथे कॉन्झर्व्हेटिव्ह हे एका पक्षाचं नावच आहे, लोक ते खुशाल स्वतःला लावून घेतात. मराठीत त्याला शब्द शोधायला गेलीस तर सनातनी, पुराणमतवादी, प्रतिगामी असे सगळे दुसऱ्याने फेकून मारायचे शब्द हाती लागतात. "नमस्कार, मी पुराणमतवादी" अशी ओळख करून देणारा माणूस मला अजून भेटायचाय. अण्णांना, म्हणजे तुझ्या आजोबांना, कुणी विचारलं असतं तर ते म्हणाले असते, "मी पोस्टातला."

आता टिळक. नवऱ्याने बायकोजवळ कधी जावं, याला तोवर कायद्याने दहा वर्षांची मर्यादा होती. १८९० साली कलकत्त्यात फुलमणी नावाच्या, दहा-अकरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूचा खटला गाजला. ती दहाच्या वर होती, म्हणून नवऱ्यावर बलात्काराचा गुन्हा लागूच होईना. १८९१ च्या कायद्याने ती मर्यादा बारावर नेली. दहाची बारा, एवढंच. त्याला 'केसरी'तून टिळकांनी जोरदार विरोध केला. हे खरं आहे आणि मी ते तुझ्यापासून झाकणार नाही.

पण त्याच टिळकांनी आदल्या वर्षी सुधारकांना काय सुचवलं होतं, तेही वाच. मुलींची लग्नं सोळाच्या आत करायची नाहीत, मुलांची विसाच्या आत नाहीत, हुंडा नाही, असं ज्यांना पटतं त्यांनी सह्या करून आधी स्वतःला बांधून घ्यावं. म्हणजे सरकार बारा म्हणत होतं आणि टिळक सोळा म्हणत होते! त्यांचं भांडण वयाशी नव्हतं. आमच्या माजघरात काय चालावं हे आमच्यावर राज्य करणाऱ्या परक्या सरकारने ठरवायचं नाही, आम्ही ठरवू, असं त्यांचं म्हणणं. अण्णांना टिळकांमधलं हेच पटायचं. "कायदा दारापर्यंत येतो गं, आत येत नाही," असं ते म्हणत.

त्यांच्या बाजूने एक भक्कम दाखला देते, सेमिनारला उपयोगी पडेल. विधवांच्या पुनर्विवाहाला कायद्याने १८५६ सालीच मुभा मिळाली होती. धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाईंशी, म्हणजे एका विधवेशी, लग्न केलं ते १८९३ साली. मधे सदतीस वर्षं गेली होती. आणि तरीही कोकणातल्या त्यांच्या गावाने, मुरुडने, त्यांच्यावर बहिष्कार घातला. कायदा होता, पण पंगतीला कुणी घेईना. पुढे कर्व्यांनी हिंगण्याला आश्रम काढला, १९१६ साली महिला विद्यापीठ सुरू केलं, आणि मग हळूहळू गाव वळलं. अण्णा हे सांगायला लागले की थांबत नसत. गोदूबाई तेव्हा पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होत्या, हा तपशील सांगताना तर त्यांचा आवाज चढायचा, जणू हे स्वतःच लग्न जमवून आले होते.

तरी मला त्यांचं हे कधीच पुरतं पटलं नाही. "आम्ही आमचं सावकाश बदलू" म्हणणाऱ्यांच्या हातात वेळ असतो. दहा वर्षांच्या मुलीजवळ तो नव्हता. सह्यांच्या त्या कागदाने एका तरी फुलमणीला वाचवलं असतं का? आणि ज्या घरचा बाप सही करणार नाही, त्या घरच्या मुलीने कुणाकडे बघायचं? हा प्रश्न मी अण्णांना तुझ्याच वयात विचारला होता. ते म्हणाले, "म्हणून तर आगरकर लागतात." आणि पेपर उघडला. संवाद संपवायची त्यांची ही पद्धत तुला आठवत असेल.

गोपाळ गणेश आगरकर म्हणजे टिळकांचे मित्र आणि 'केसरी'चे पहिले संपादक. कोल्हापूरच्या एका अब्रुनुकसानीच्या खटल्यात दोघांनी मिळून डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. पुढे मतं पटेनात म्हणून आगरकरांनी १८८८ मध्ये 'सुधारक' काढला आणि या कायद्याच्या बाजूने लिहिलं. त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली पुण्यातल्या लोकांनी. चाळिशी गाठायच्या आत, १८९५ साली, ते गेले. त्यांचा फोटो मात्र बैठकीत नव्हता, हे तुझं निरीक्षण बरोबर आहे. मीही अण्णांना त्यावरून छेडायची.

पैशाच्या बाबतीत अण्णा कुठे बसतात हेही तुला हवंय. तिथे ते सरळ उजवीकडे, पण त्यांचा नेता कुणी शेठ नव्हता. शरद जोशी. भारतीय टपाल सेवेतले अधिकारी, मग स्वित्झर्लंडमध्ये बर्नला जागतिक टपाल संघटनेत नोकरी. ती सोडून हा माणूस परत आला, चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन शेती करायला लागला आणि १९७९ मध्ये शेतकरी संघटना उभी केली. अण्णांच्या दृष्टीने 'आमच्या खात्यातला माणूस', त्यामुळे निम्मी बाजी तिथेच जिंकलेली. (मी परदेशात राहते आणि परत गेले नाही, हा टोमणा त्यात असायचाच. तो मी गिळायची.) जोशींचं म्हणणं असं, की शेतकऱ्याला भीक नको, घामाचं दाम द्या. निर्यातबंदी घालून, भाव पाडून सरकारच त्याला गरीब ठेवतं, तेव्हा सरकारने बाजूला व्हावं. ऐकायला पक्का उजवा. याच माणसाने १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं प्रचंड अधिवेशन भरवलं, आणि पुढे शेतकऱ्यांना सांगितलं की जमिनीचा तुकडा आपणहून बायकोच्या नावावर करा. कित्येकांनी केला. आता याला तुझ्या पट्टीवर कुठे ठेवशील? मला जमलेलं नाही.

आता आक्काआजीची गोष्ट. ही मी तुला कधी सांगितली नाही.

आक्का अण्णांची थोरली बहीण, तिशीत विधवा झालेली, कायम आमच्याकडे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती दिवसभर तिळगूळ वळायची, वाणाच्या डब्या पुसून ठेवायची, आणि बायका यायला लागल्या की स्वयंपाकघराचं दार लोटून आत बसायची. मी नववीत असताना एका संक्रांतीला अण्णा कचेरीतून लवकर आले. चपलाही न काढता आत गेले आणि म्हणाले, "आक्का, पुढे चल." ती उठेना. त्यांनी तिचा हात धरून तिला बाहेर आणली. आईच्या हातात कुयरी होती. बैठकीत वीसेक बायका, सगळ्या एकदम गप्प. आईने एकदा अण्णांकडे बघितलं, आणि आक्काच्या कपाळाला हळद लावली, कुंकू लावलं. बोट थरथरत होतं तिचं, कुंकू नाकावर सांडलं.

मला वाटलं, काय मोठी गोष्ट झाली! मी आक्काच्या मागे आत पळाले. ती मोरीपाशी उभी राहून पदराच्या टोकाने कपाळ पुसत होती. अण्णा दारात आले तशी ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "मला विचारलंस का रे?"

परक्या सरकारने आमच्या घरात शिरायचं नाही म्हणणाऱ्या अण्णांना यावर एक शब्द बोलता आला नाही. त्या रात्री ते जेवले नाहीत. आक्काने मात्र नीट जेवून घेतलं.

२०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूरकडच्या हेरवाड गावाने विधवांच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तोच कित्ता गिरवायला सांगितलं. आधी गाव, मग सरकार. अण्णा असते तर पेढे वाटले असते. मी मात्र बातमी वाचताना शोधत होते, की त्या गावच्या आक्कांना कुणी विचारलं होतं का.

पुढच्या संक्रांतीला आक्काला कुणी बोलावलं नाही. पहिल्या दोन-चार बायका येऊन बसल्या, तेवढ्यात ती आपणच बाहेर आली, उंबऱ्याजवळ पाट ओढून बसली आणि वाण वाटायला लागली. कुंकू लावून घेतलं नाही, त्या वर्षीही नाही आणि नंतरही कधी नाही. पण वाणाचं तबक मरेपर्यंत तिच्याच हातात राहिलं. ती बसायची त्याच्या बरोबर वर तो फोटो होता.

अण्णांना तू उजवीकडे बसव, चालेल. आक्कासाठी रकाना असेल तर मला कळव. आणि गेल्या वेळी नेलेले दोन स्टीलचे डबे येताना आठवणीने आण.

तुझी,
आई