अंटार्क्टिकाच्या विंटर टीमला जायचंय? आधी दात दाखव

भाऊ, नाशिकच्या सातपूरला डिझेल जनरेटरवर काम केलंयस ना, मग गोव्याच्या एनसीपीओआरची, म्हणजे केंद्र सरकारच्या ध्रुवीय संशोधन संस्थेची, जाहिरात आली की बिनधास्त अर्ज टाक, मैत्री काय नि भारती काय, अंटार्क्टिकातल्या आपल्या दोन्ही तळांवर असा माणूस लागतोच. निफाडच्या थंडीची फुशारकी मात्र तिथे मारू नको. खरी चाळणी मेडिकलला लागते, त्यात मानसिक तपासणीपण असते, तिथे हिरोगिरी न करता खरं ते सांग, कारण हिवाळ्यात समुद्र गोठला की महिनोन्महिने जहाज नाही नि अक्कलदाढ ठणकायला लागली तर काय करशील? दाताचं काम इथेच उरक. सिलेक्ट झालास की उत्तराखंडात औलीला आयटीबीपीचं (भारत-तिबेट सीमा पोलिसांचं) बर्फातलं ट्रेनिंग, तोवर रोज पांडवलेणी चढ. बाकी दोनेक महिने सूर्य उगवत नाही आणि जेवायला समोर रोज तीच तोंडं, त्यामुळे कोणाच्या घोरण्यावरून भांडणारा असशील तर सरळ उन्हाळी टीमचंच बघ.