स्ट्रोकनंतर घरच्या व्यायामासाठी सायकल घ्यावी की ट्रेडमिल?

वडील 63 वर्षांचे, झटक्याला पाच महिने झालेत, डावी बाजू अधू, घरात काठी घेऊन चालतात आणि तुम्ही विचारताय सायकल की ट्रेडमिल. ट्रेडमिल नको. पट्टा मागे सरकत राहतो, अधू पाऊल वेळेवर पुढे येत नाही, आणि घरी सावरायला कोण असतं? सायकल चालेल, पाठ टेकता येईल अशी. पण पैसे घालण्याआधी एक बघा. हात न टेकता खुर्चीतून सलग पाच वेळा उठता येतं का? नसेल येत तर आधी खुर्चीच.

आमच्या अण्णांची उजवी बाजू गेली आणि वाचाही. एसटीत 31 वर्षं ड्रायव्हर. घरी आणलं त्याच आठवड्यात दादाने पुण्याहून वर-खाली होणारी कॉट पाठवली, मालिशवाला लावला, आणि आत्याने जाहीर केलं, "जन्मभर राबलाय, आता पडू दे त्याला." दोन महिन्यांत चादरी तेलकट झाल्या आणि चांगली डावी मांडीसुद्धा काडी झाली. मालिशने बरं वाटतं, मान्य. पण दुसऱ्याने हलवलेल्या पायात ताकद कुठून येणार?

मग मी सुरू केलं. ओट्यासमोर लाकडी खुर्ची, अण्णांच्या कमरेला माझी जुनी ओढणी, मागून ती धरायची आणि उठ-बस. पहिल्या दिवशी तीन. माझं नाव त्यांच्या तोंडून निघायचं नाही, पण मी "एक" म्हटलं की "दोन, तीन" आपोआप यायचे. फिजिओ म्हणाल्या, पाठ असलेलं असं पुष्कळदा शिल्लक राहतं. ज्या दिवशी दहापर्यंत गेले, त्या दिवशी आई बराच वेळ कुकरकडे तोंड करून उभी होती.

पुढे रस्त्यावर विजेचे खांब मोजत चालायचो. गणपतीला दादा आला तेव्हा अण्णा सहाव्या खांबाशी घामाघूम, धापा टाकत उभे. भर रस्त्यात ओरडला, "मारून टाकशील त्यांना!" अहो, अधू पाय ओढत चालायला धडधाकट माणसाच्या जवळपास दुप्पट शक्ती लागू शकते. दम वाढावा म्हणूनच तर चाललो होतो! नाडी मोजण्यात अर्थ नव्हता, त्यांच्या बीपीच्या गोळीने ठोके मुळातच कमी पडायचे. आमचं माप एकच, चालता चालता एक ते दहा म्हणता आले पाहिजेत. त्या दिवशीही म्हटले त्यांनी, दादाच्या तोंडावर.

आठवड्यातून निदान तीन दिवस 20 मिनिटं चालणं, दहा-दहाचे तुकडे केले तरी चालतील. उठ-बशीसारखं ताकदीचं दोन-तीन दिवस. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना अधू पाय आधी. आणि दाबायला स्पंजचा बॉल आणला असेल तर फिजिओला विचारा. दादाने आणलेला आमच्या फिजिओनी कपाटात टाकायला लावला. बोटं आधीच मिटलेली, सराव उघडण्याचा हवा.

हे सगळं डॉक्टरांनी मोकळीक दिल्यावर, हे वर लिहायला हवं होतं. आम्हाला सांगितलं होतं, बीपी 180/110 च्या वर असेल त्या दिवशी सुट्टी. छातीत दुखलं, चक्कर आली, तोंड वाकडं झालं तर थेट दवाखाना. दादाला एक गुण द्यायचाच तर तो असा की पहिल्या 24 तासांत उठवण्या-चालवण्याचा फार मारा करू नये; 2015 च्या अव्हर्ट नावाच्या मोठ्या चाचणीत त्याने तोटाच दिसला. पण तो दोन महिन्यांनंतरचं बोलत होता.

अजून फोनवर विचारतो, पडले असते तर? पडले ते एकदाच, बाथरूममध्ये, आणि तेव्हा सोबत मालिशवाला होता. त्याने अधू हाताला धरून ओढून उठवलं. अण्णांचा तो खांदा अजून दुखतो.