लाइट गेली की फाइल शून्य बाइटची, मग जर्नल काय कामाचं?

प्रश्न: सर, आम्ही तिघं मित्र निफाडकडच्या द्राक्षबागांसाठी एक बॉक्स बनवतो. तापमान, हवेतला दमटपणा, पानांचा ओलेपणा, सगळ्याची दर सेकंदाला नोंद होते. आत लिनक्सचा बोर्ड आहे, जुन्यावर २५६ एमबीची नँड होती, नवीनवर ८ जीबी ईएमएमसी आलीय (दोन्ही फ्लॅश मेमरीच्याच चिप). बागेतली लाइट कधीही जाते, बॅटरी ठेवलेली नाही, आणि कधीकधी लाइट आल्यावर बघावं तर सेटिंगची फाइल शून्य बाइटची! एक मित्र म्हणतो जर्नलवाली, म्हणजे बदलांची नोंद आधी वेगळी लिहून ठेवणारी, फाइल सिस्टिम टाकली की झालं, दुसरा म्हणतो जर्नलमुळेच फ्लॅश लवकर मरते. नक्की काय घ्यायचं? — एक वाचक, नाशिक

उत्तर: आधी दोन बोर्ड वेगळे करा, कारण इथेच बहुतेकांचा घोळ होतो. जुन्या बोर्डावरची नँड उघडी आहे, म्हणजे खराब ब्लॉक कुठले, कुठला ब्लॉक किती वेळा पुसला, हे सगळं लिनक्सलाच सांभाळावं लागतं. तिथे हे सांभाळणारा लिनक्सचा थर यूबीआय आणि त्यावर यूबीआयएफएस ही फाइल सिस्टिम, दुसरा विचारच करू नका. नोकियाच्या लोकांनी हंगेरीतल्या सेगेड विद्यापीठाबरोबर ती बनवली आणि २००८ साली लिनक्सच्या कर्नल २.६.२७ मध्ये आली. त्या नँडवर एमटीडीब्लॉकमधून (नँड साध्या डिस्कसारखी दाखवणारा थर) ईएक्सटी४ ही डिस्कसाठीची फाइल सिस्टिम बसवलेले बोर्ड मी पाहिलेत, हात जोडतो, असं करू नका. चार केबी बदलायला अख्खा १२८ केबीचा ब्लॉक पुसून पुन्हा लिहिला जातो आणि झीज वाटून घेणारं खाली कोणीच नसतं.

ईएमएमसीत मात्र हे सांभाळणारा कंट्रोलर आतच बसलेला असतो, तुम्हाला ती साध्या डिस्कसारखी दिसते. तिथे यूबीआयएफएस चालतच नाही. ईएक्सटी४ घ्या. सॅमसंगची एफटूएफएस फ्लॅशचाच विचार करून केलीय, विखुरलेलं लिखाण गोळा करून सलग लिहिते, वाईट अजिबात नाही, पण तुम्ही तिघंच आहात, रात्री बागेतून फोन आला तर ईएक्सटी४ची दुरुस्ती कशी करायची हे तुम्हाला येत असेल, म्हणून माझं मत तिकडे.

आता शून्य बाइटचं. ईएक्सटी४ नेहमीच्या मोडमध्ये जर्नलात फक्त मेटाडेटा (फाइलचं नाव, आकार, जागा ही माहिती) लिहिते, म्हणजे घराचा उतारा शाबूत राहतो, घरातल्या सामानाची हमी नाही. तुमचा प्रोग्राम बहुतेक जुनी फाइल रिकामी करून मग नवीन मजकूर लिहितो आणि नेमकी मधेच लाइट जाते. नवीन मजकूर दुसऱ्या नावाच्या फाइलीत लिहा, एफसिंक करा (रॅममधलं लगेच चिपवर उतरवायचा आदेश), मग रिनेम करून जुन्याच्या जागी आणा, शेवटी डिरेक्टरीलाही एफसिंक. लाइट कधीही जाऊदे, एकतर जुनी फाइल मिळेल नाहीतर नवी, अर्धवट नाही. यूबीआयएफएसवरही हेच करायचं, तीसुद्धा डेटा थोडा वेळ रॅममध्ये धरून ठेवते.

दुसरा मित्रही अगदीच चूक नाही बरं का. समजा एक नोंद १०० बाइटची, दिवसाला साधारण साडेआठ एमबी. पण प्रत्येक नोंदीला एफसिंक केलात तर ४ केबीचा डेटा ब्लॉक आणि जर्नलचे तीन ब्लॉक, म्हणजे कमीत कमी १६ केबी, गुणिले ८६,४०० सेकंद, झाले दिवसाला १.३ जीबीच्या वर! ह्यात चूक जर्नलची नाही, दर सेकंदाला एफसिंक मारायची आहे. मिनिटभराच्या ६० नोंदी रॅममध्ये साठवून एकदम लिहा, तेच काम तीसेक एमबीत होतं. लाइट गेली तर एक मिनिट जाईल, पानांच्या ओलेपणाला एक मिनिट म्हणजे काहीच नाही. माझ्याही एका बॉक्सात डीबग लॉग चालू राहिला होता, कोणी वाचतही नव्हतं तो, आणि चिप दोन वर्षांत फक्त वाचण्यापुरती उरली. टेस्लासारख्यांनाही हे चुकलं नाही, ८ जीबीची ईएमएमसी झिजून स्क्रीन बंद पडायला लागल्या म्हणून २०२१ मध्ये अमेरिकेत सुमारे १ लाख ३५ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या.

शिवाय सिस्टिमचा भाग स्क्वॅशएफएसमध्ये ठेवा, त्यावर लिहिताच येत नाही त्यामुळे बिघडायचा धोका कमी, आणि डेटाला वेगळं पार्टिशन द्या. माउंट करताना नोएटाइम लावा, म्हणजे फाइल नुसती वाचली तरी वेळेची नोंद लिहिली जाणार नाही. ईएमएमसी ५.० किंवा पुढची असेल तर एमएमसी-युटिल्स ह्या टूलने किती झीज झाली तेही दिसतं, दहा-दहा टक्क्यांच्या पायरीने, महिन्यातून एकदा सर्व्हरला पाठवत जा.

प्रश्न: माझ्याकडे १६ एमबी नॉर (नँडहून वेगळा प्रकार) फ्लॅशवाला बोर्ड आहे, तिथेही यूबीआयएफएसच का? — एक वाचक, सांगली

उत्तर: नको. एवढ्याशा चिपवर यूबीआयचा स्वतःचाच खर्च जड जातो. जेएफएफएस२ ही जुनी फ्लॅश फाइल सिस्टिम बास आहे. माउंट करताना ती अख्खी फ्लॅश चाळते ही तिची जुनी खोड, पण १६ एमबीला तेवढं चालतं.