मोबाइल व इंटरनेटमुळे खेड्यातील माणसाची ओळख खरोखर बदलली आहे, की केवळ सोयी वाढल्या आहेत?

ओळख बदलली आहे. ज्यांना हे पटत नाही त्यांनी एकदा म्हाताऱ्या वडिलांना घेऊन ई-केवायसीच्या, म्हणजे यंत्राकडून ओळख पटवून घेण्याच्या, रांगेत उभे राहावे.

आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यात आहे. जन्मभर कापूस वेचून आणि वखर धरून माझ्या वडिलांच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या आहेत. केंद्र सरकारच्या पीएम किसान योजनेचे वर्षाला ६,००० रुपये मिळतात, त्यातला २,००० रुपयांचा हप्ता ई-केवायसीअभावी अडकला, म्हणून मी त्यांना गावातल्याच केंद्रावर नेले. केंद्र चालवणाऱ्या पोराने ओल्या फडक्याने त्यांची बोटे पुसली आणि एकेक करून दहाही यंत्रावर दाबून पाहिली. प्रत्येक वेळी पडद्यावर लाल अक्षरे उमटली. ज्यांच्या शेताच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, आमचा धुरा लागून आहे, त्या घरचा हा पोरगा. बाबा त्याला म्हणाले, “तुह्या आबाजीले इचार ना, मी कोन हाय थे.” तो ओशाळून हसला. त्याला बाबा ठाऊक होतेच, पण त्याच्या ठाऊक असण्याला आता किंमत उरलेली नव्हती.

दुसरा मार्ग ओटीपीचा होता आणि तो ओटीपी पुण्याला गेला. आधार काढताना मोठ्या भावाने, म्हणजे दादाने, स्वतःचा क्रमांक लिहून दिला होता, “बाबांना मोबाइल कशाला लागतो?” हे त्याचे तेव्हाचे वाक्य मला अजून आठवते. त्या दिवशी तो मीटिंगमध्ये होता. त्याने फोन उचलला तोवर ओटीपीची मुदत संपली होती, आणि दुसऱ्यांदा मागवला तर केंद्राचे नेटच गेले. खाते बाबांचे, सातबारा बाबांचा, पण ते कोण आहेत हे सिद्ध करणारे सहा आकडे दोन मुलांपैकी जो गावात राहत नाही त्याच्या खिशात, हा हिशेब मला तेव्हाही मान्य नव्हता. यावरून आमच्यात दोन दिवाळ्या अबोला राहिला.

तुम्ही सोयींबद्दलही विचारले आहे. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला, बाबा आज स्वतःच्या मोबाइलवर खंजिरी भजने ऐकतात आणि बाजारातले तुरीचे भाव पाहतात. ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरून पिकाची नोंद, २०२१ पासून सुरू झाली, तेव्हापासून पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीचा, फोटो शेतात उभे राहून मीच काढतो. सोयी आहेत, त्यांबद्दल तक्रार नाही.

माझा सल्ला एवढाच, की वडिलांच्या आधारला वडिलांचाच क्रमांक जोडा. बोटे उमटत नसतील तर आधार केंद्रावर बुबुळे तपासून तो बदलता येतो. आम्ही तसेच केले. पीएम किसानच्या ॲपमध्ये चेहरा दाखवूनही ई-केवायसी होते, हे आम्हाला उशिरा कळले. मुलगा परगावी कितीही मोठ्या हुद्द्यावर असला तरी ओटीपी त्याच्या हवाली करू नका.

अर्थात ज्यांना अक्षरओळख नाही, त्यांनी कोणावर तरी विसंबल्याशिवाय चालत नाही, आणि मोबाइल हाती आला की ओटीपी विचारणारे भामटेही फोन करतात. दादाची ही भीती अगदीच खोटी नव्हती. शिवाय प्रामाणिकपणे सांगायचे तर आईच्या आधारला आजही माझा क्रमांक आहे. दादाने हे मागच्या पोळ्याला सर्वांसमोर विचारले, तेव्हा मी बैलांना पाणी दाखवायला निघून गेलो होतो.