२० हजारांत घरी गायन रेकॉर्ड करायला कोणता कंडेन्सर माइक घ्यावा?

तुम्ही कंडेन्सर, म्हणजे खोलीतला बारीकसा आवाजही टिपणारा नाजूक कानाचा माइक, घ्यायचं आधीच ठरवून टाकलंय आणि खोलीबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही, म्हणून लिहायला बसले.

आम्ही ग्वाल्हेरचे, लष्कर भागात जुनं घर. काका ७९ वर्षांचे असताना त्यांच्या बंदिशी घरीच रेकॉर्ड करायचं ठरलं. पुण्याहून दादाचं फर्मान आलं, "मोठ्या डायफ्रॅमचा, म्हणजे आतला पडदा मोठा असलेला, कंडेन्सरच घे, स्टुडिओत तोच असतो." १८ हजारांचा माइक आणला. जून महिना, दिवाणखान्याचं छत उंच, खाली दगडी फरशी, भिंती मोकळ्या. कूलर बंद केला की काका घामाघूम व्हायचे, म्हणून तो शेजारच्या खोलीत चालू ठेवला. दोन दिवसांत ११ बंदिशी झाल्या. रात्री हेडफोन लावून ऐकलं, तर काका विहिरीच्या तळाशी बसून गातायत असं वाटत होतं. मंद्रातले स्वर कूलरच्या घरघरीत बुडालेले. आवाजात असा मिसळलेला घुमारा नंतर सॉफ्टवेअरने काढायला गेलं की स्वरही सोलून निघतो.

पुढच्या जानेवारीत कोठीची खोली रिकामी केली. दोऱ्या बांधून चार रजया टांगल्या, त्यातली सगळ्यात जाड काकांच्या पाठीमागे, कारण माइकचं तोंड त्याच भिंतीकडे असतं. ओळखीच्यांकडून शुअरचा एसएम ५८ मागून आणला, १९६६ पासून स्टेजवर चालत आलेला साधा डायनॅमिक माइक, जो जवळचा आवाज घेतो आणि लांबचा कमी टिपतो. तोंडापासून एक वीत, किंचित तिरका, पाठ खिडकीकडे. हा कार्डिऑइड, म्हणजे समोरचं जास्त ऐकणारा माइक, त्याला मागचं सगळ्यात कमी ऐकू येतं. आवाज स्वच्छ आला. पण मधल्या सात महिन्यांत काकांचा दम सरला होता. तीन बंदिशी झाल्या. चौथीचा अंतरा उचलताना ठसका लागला, तेव्हा त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "आता तू गा."

तर तुमचे २० हजार. डायनॅमिक माइक, माइक कॉम्प्युटरला जोडणारा दोन चॅनलचा इंटरफेस, जड बुडाचा स्टँड, 'प', 'फ'ची फुंकर अडवणारा पॉप फिल्टर, कान पूर्ण झाकणारे हेडफोन. भिंतीला चिकटवायचा पातळ फोम घेऊ नका, तो फक्त वरचा खणखणाट शोषतो. घरातल्या रजया त्याहून बऱ्या. गेन, म्हणजे इंटरफेसवर माइकचा आवाज किती वाढवायचा ते, आलापावर लावू नका, तार सप्तकात जोरकस तान घेऊन लावा, आणि तेव्हाही आवाज दाखवणारा काटा उणे १० डेसिबलच्या आसपासच राहू द्या. २४ बिटमध्ये रेकॉर्ड करताना एवढी जागा सोडली तरी काही बिघडत नाही. फाटलेला स्वर मात्र शिवता येत नाही. तानपुरा हेडफोनमध्ये एका कानाला द्या, दुसरा कान उघडा ठेवा, नाहीतर स्वतःचा स्वर कळत नाही.

हां, तुम्ही हळू आवाजात भावगीतं गात असाल आणि खोली खरोखर शांत असेल, तर कंडेन्सर बारकावे सुरेख टिपतो. बहुतेक कंडेन्सरना ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे केबलमधूनच माइकला मिळणारी वीज, लागते, ती इंटरफेसमध्ये आहे का बघून घ्या.

दादा अजूनही म्हणतो, "माइक उत्तमच होता, खोली वाईट होती." अरे, मग खोली कशी आहे हे आधी विचारायचं ना! काकांचा आवाज होता तेव्हा विचारायचं.

तुमच्या खोलीत मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. किती घुमते ते इथे लिहा, मग माइकचं बोलू.