'प्रीन' या इंग्रजी क्रियापदाचा नेमका अर्थ काय? ते कसं वापरायचं?

सकाळी अंबाझरी तलावाच्या काठी बसलेला बगळा बघा. चोच पंखाखाली घालून एकेक पीस सरळ करत असतो. बऱ्याच पक्ष्यांच्या शेपटीच्या बुडाशी तेलाची ग्रंथी असते. तिथलं तेल चोचीने घेऊन ते पिसांना चोपडतात. हे करणं म्हणजे 'प्रीन'. इथे शब्दात टीका अजिबात नाही, पिसं विस्कटली तर पक्ष्याला धड उडता येणार नाही.

माणसाला लावलं की मात्र सूर बदलतो. खाली वरात खोळंबली आहे आणि नवरदेव आरशापुढून हलत नाही, पुन्हा पुन्हा भांग पाडतोय, तर 'ही इज प्रीनिंग'. मराठीत 'नट्टापट्टा' चालेल, पण मला 'नटणं-मुरडणं' जास्त जवळचं वाटतं, कारण त्यात स्वतःवर खूश असणंही येतं. म्हणूनच साहेबांनी कौतुक केल्यावर मिरवणाऱ्यालाही हाच शब्द लागतो. नुसती वेणीफणी म्हणजे प्रीन नव्हे. छान तयार होऊन आलेल्या मैत्रिणीला कौतुक म्हणून हे म्हणू नका, तिला लागेल.

'प्रिंप' याच्याच जवळचा, पण तो सहसा माणसांपुरता.